'द सायलेंट एनिमी' किती खरा? एका निवृत्त पाणबुड्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: १९५८ सालचा 'द सायलेंट एनिमी' हा ब्रिटिश युद्धपट पाहिला. दुसऱ्या महायुद्धात जिब्राल्टरच्या बंदरात जहाजांच्या तळाखाली चाललेली पाणबुड्यांची लढाई त्यात आहे. त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती? आणि बारावीतल्या मुलाला नौदलात पाणबुड्या व्हायचंय, त्याला हा दाखवावा का?

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. पाणबुडी म्हणजे सबमरीन, पाणबुड्या म्हणजे बुडी मारणारा माणूस, आणि पाणबुडीचं अनेकवचनही पाणबुड्याच. मी यातला माणूस. क्लिअरन्स डायव्हर म्हणून, म्हणजे पाण्याखालचे सुरुंग आणि स्फोटकं शोधून निकामी करणारा पाणबुड्या म्हणून, नौदलात उभी नोकरी काढली. गावाकडे अजून विचारतात, "तू पाणबुडीवर होतास ना?" आता मी हो म्हणून मोकळा होतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: माणसं खरी, बंदर खरं, उपकरणं बरीचशी खरी, शेवट खोटा. सगळं नीट कळायला सुरुवात मात्र जिब्राल्टरच्याही आधी, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियापासून करावी लागते. चित्रपटही तिथूनच सुरू होतो.

१९ डिसेंबर १९४१ च्या पहाटे सहा इटालियन माणसं तीन यंत्रांवर बसून अलेक्झांड्रियाच्या बंदरात शिरली. हे यंत्र म्हणजे सावकाश चालणारा टॉर्पेडो. त्यावर घोड्यावर बसावं तसे दोघं एकामागे एक बसायचे, डोकी जेमतेम पाण्याबाहेर, आणि पुढच्या टोकाला सुटं होणारं स्फोटक. वेग ताशी दोन-तीन मैलांचा, म्हणजे आजोबा सकाळी फिरायला जातात तेवढा. इटालियन लोक त्याला 'मायाले' म्हणत, म्हणजे डुक्कर, कारण ते सारखं अडून बसायचं. बंदराच्या तोंडाशी लावलेलं जाळं ब्रिटिश जहाजांना आत घेण्यासाठी उघडलं गेलं आणि ही मंडळी त्या जहाजांपाठोपाठ आत घुसली. लुइजी दुरांद द ला पेन्नेचं डुक्कर 'व्हॅलियंट' या युद्धनौकेखाली चिखलात जाऊन बसलं. जोडीदार निसटून वर गेलेला. या बाबानं ते यंत्र एकट्यानं, आंधळ्यासारखं चाचपडत, ओढत जहाजाच्या पोटाखाली नेलं. मग पकडला गेला. कॅप्टन चार्ल्स मॉर्गननं त्याला जहाजाच्या तळघरात कोंडलं, म्हणजे स्फोटकाच्या जवळपास डोक्यावरच. तरी तो बोलला नाही. स्फोटाला थोडी मिनिटं उरल्यावर त्यानं मॉर्गनला निरोप धाडला, माणसं वाचवा. 'व्हॅलियंट' आणि 'क्वीन एलिझाबेथ' या दोन्ही युद्धनौका उथळ बंदराच्या तळाशी टेकल्या आणि कित्येक महिने कामातून गेल्या. सहाही इटालियन पकडले गेले, सहाही जगले. १९४५ साली, इटली बाजू बदलून मित्रराष्ट्रांकडे आल्यावर, द ला पेन्नेला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं तेव्हा ते त्याच्या छातीवर लावलं ते याच मॉर्गननं. हा प्रसंग कुणी कथेत लिहिला असता तर संपादकानं 'फारच जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवला असता.

आता जिब्राल्टर, स्पेनच्या दक्षिण टोकाचा ब्रिटिश तळ. चित्रपटाचा नायक लायोनेल क्रॅब हा खरा माणूस. लॉरेन्स हार्वेनं त्याचं काम केलंय, आणि त्याचा जोडीदार सिडनी नोल्स म्हणून मायकेल क्रेग आहे. क्रॅब नोव्हेंबर १९४२ मध्ये तिथे आला तो बॉम्ब आणि सुरुंग निकामी करणारा अधिकारी म्हणून. पाण्याखाली काम करायचा अनुभव त्याला नव्हता. तिथे लेफ्टनंट विल्यम बेली आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं जहाजांचे तळ तपासत होती. क्रॅब म्हणाला, तुम्ही खालून सुरुंग काढून आणणार आणि मी तो वर निकामी करणार, तर मला खाली काय चाललंय ते कळायला हवं. म्हणून तो पाण्यात उतरायला शिकला. शब्द माझे आहेत, पण त्याचा तर्क हाच होता, आणि आमच्या धंद्यातला प्रत्येक चांगला सुपरवायझर आजही याच तर्कानं वागतो.

त्यांच्याकडचं सामान बघून मला दर वेळी घाम फुटतो. डेव्हिस सेट म्हणून एक उपकरण होतं, बुडालेल्या सबमरीनमधून वर निसटण्यासाठी बनवलेलं. छातीवर रबरी पिशवी, खाली ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, आत सोडा लाइमचा डबा, नाकाला चिमटा, डोळ्यांना गॉगल. सोडलेला श्वास डब्यातून जातो, त्यातला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइम शोषून घेतं, उरलेला ऑक्सिजन पुन्हा आत. बुडबुडे येत नाहीत, हा फायदा. पण हे यंत्र जेमतेम वर येण्यापुरतं बनवलेलं, आणि ही माणसं ते लावून थंडीच्या दिवसांत जहाजामागून जहाज तपासत होती. अंगात ओव्हरऑल, पायात कॅनव्हासचे बूट. पायाला फिन, म्हणजे पोहायचे रबरी पंजे, नाहीत! बूट घालून बेडकासारखे हातपाय मारत चाललेत. चित्रपटातला हा गबाळेपणा शंभर टक्के खरा आहे, आणि त्याबद्दल दिग्दर्शक विल्यम फेअरचाइल्डला माझा सलाम. पाणबुड्या म्हणजे चकचकीत रबरी पोशाखातला देखणा गडी, ही कल्पना नंतरची.

ऑक्सिजनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण चित्रपट पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. शुद्ध ऑक्सिजन जमिनीवर औषध, पण दहा मीटर पाण्याखाली तो विषासारखा वागायला लागतो. ओठ आपोआप फडफडतात, मळमळतं, बोगद्यातून बघावं तशी नजर आखडते. कधीकधी यातलं काहीच होत नाही आणि सरळ झटके येतात. तोंडातला माउथपीस सुटला की खेळ संपला. त्या काळच्या ब्रिटिश पाणबुड्यांनी या संकटाला माणसाचं नाव दिलं होतं, 'ऑक्सिजन पीट'. सरावाच्या टाकीच्या तळाशी राहतो आणि पाय ओढतो म्हणे. कोकणातल्या विहिरीतल्या आसरांचा हा सख्खा भाऊ. आता हिशेब बघा: मोठ्या युद्धनौकेचा तळ पाण्याखाली नऊ-दहा मीटरवर असतो. म्हणजे पीट जिथे राहतो, बरोब्बर त्याच्या उंबरठ्यावर यांचं काम. कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा मधला कणा, चाचपताना हात जरा सुटला, चार हात खाली गेलात, की त्याच्या घरात. शिवाय सोडा लाइमच्या डब्यात पाणी शिरलं की तोंडात जळजळीत घोट येतो. डायव्हर लोक त्याला 'कॉस्टिक कॉकटेल' म्हणतात. मी तो एकदा घेतलाय. पुढे आठवडाभर आमटीची चव कळली नाही.

चित्रपटातली सगळ्यात मोठी थाप तुम्ही पकडली नसेल, कारण ती प्रत्येक फ्रेममध्ये आहे: उजेड. पडद्यावर सगळं दिसतं. दिसलंच पाहिजे, नाहीतर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. भूमध्य समुद्र स्वच्छ आहे हे खरं, पण हल्ला रात्री व्हायचा आणि तपासणीही बऱ्याचदा रात्रीच. जहाजाच्या पोटाखाली तर दिवसाही अंधार. मुंबईच्या गोदीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे स्वतःचा हात काचेला टेकवला तरी दिसत नाही. अशा पाण्यात तळ तपासायची एक जुनी रीत आहे, नेकलेस सर्च. एका दोरीवर ठरावीक अंतरानं चार-पाच जण, पहिला पाण्याच्या रेषेजवळ, शेवटचा कीलवर. सगळे एकदम सरकतात आणि प्रत्येक जण आपल्यापुढचा पत्रा हातानं चाचपतो. बोलणं नाही, फक्त दोरीचे झटके. तळावर शंखशिंपल्यांचा खरखरीत थर असतो, तो हात सोलून काढतो. बिल्ज कील, म्हणजे जहाज फार डोलू नये म्हणून तळाच्या दोन्ही अंगांना लावलेल्या लांब पट्ट्या, त्या आतून-बाहेरून बघायच्या. पाणी आत घेणाऱ्या जाळ्या बघायच्या. सुकाणू, पंखा. मग वर येऊन सुपरवायझरला सांगायचं: तळ साफ.

हे दोन शब्द सोपे वाटतात. शिकाऊ असताना रात्रीच्या एका सरावात मी ते मोठ्या रुबाबात सांगितले. सुपरवायझर काही बोलला नाही. त्यानं मला पुन्हा खाली पाठवलं, माझा हात धरून एका जाळीपाशी नेला, आणि जाळीच्या वरच्या कडेला जेवणाच्या डब्याएवढा नकली सुरुंग होता. मी जाळी चाचपली होती, पण खालची कड. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू आत्ता तीनशे माणसं मारलीस, जा चहा घे." तो चहा मला अजून आठवतो. चित्रपटात चाकूमारी आहे, पाठलाग आहे, पण 'तळ साफ' म्हणताना पोटात पडणारा खड्डा कुठेच नाही. कॅमेऱ्याला तो दाखवणं अवघड असेलही.

इटालियन लोक बिल्ज कीलचा उपयोग मोठ्या हुशारीनं करायचे. एका बिल्ज कीलला शिकंजा लावायचा, तळाखालून दोरी नेऊन दुसऱ्या बाजूच्या कीलला बांधायची, आणि मधोमध स्फोटक टांगायचं. लहान सुरुंगांत तर आणखी एक काटा होता: त्याला छोटा पंखा असायचा. जहाज बंदर सोडून वेगात निघालं की पाण्यानं पंखा फिरायचा आणि मगच सुरुंग जागा व्हायचा. म्हणजे जहाज फुटणार लांब समुद्रात आणि संशय जाणार सबमरीनवर किंवा वाटेतल्या सुरुंगावर.

चित्रपटात पुसट आलेली पण खऱ्या जगात सगळ्यात भयानक गोष्ट म्हणजे स्वतःच्याच लोकांचे स्फोट. कुणी पाणबुड्या आत शिरू नये म्हणून ब्रिटिश नौका रात्रभर बंदराच्या पाण्यात छोटी छोटी स्फोटकं टाकत राहायच्या. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून स्फोटाचा धक्का पाण्यात लांबपर्यंत जोरकस राहतो आणि माणसाच्या शरीरात जिथे जिथे हवा आहे तिथे फाडतो: फुफ्फुसं, आतडी, कान. बाहेरून अंगावर ओरखडाही दिसत नाही. तेव्हा क्रॅबची माणसं खाली जाताना आधी या नौका थांबवाव्या लागत, आणि त्या थांबल्या की इटालियन माणसालाही तेवढीच सवड.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री हेच स्फोट इटालियन लिचिओ विझिन्तिनी आणि त्याचा जोडीदार जोव्हान्नी माग्रो यांना भोवले. क्रॅबला तिथे येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. दोघांचे मृतदेह काही दिवसांनी बंदरात सापडले. त्यांना लष्करी इतमामानं समुद्रात निरोप दिला गेला आणि क्रॅब आणि बेलीनं त्यांच्यासाठी पाण्यावर पुष्पचक्र सोडलं. जिब्राल्टरमध्ये बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. मला पूर्ण पटतं. त्या पाण्याची थंडी दोघांनाच माहीत, यांना आणि त्यांना; काठावरच्या साहेबांना नाही. आणि त्याच मृतदेहांच्या पायांतल्या फिन काढून ब्रिटिश पाणबुड्यांनी पुढे स्वतः वापरल्या. हे वाचून कुणाला किळस येईल. ज्यानं बुटांनी पोहून बघितलंय त्याला येणार नाही.

आता खोटा शेवट. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) जिब्राल्टरच्या समोर, उपसागरापलीकडे, स्पेनचं आल्हेसिरास बंदर. स्पेन तटस्थ. तिथे 'ओल्तेरा' नावाचं इटालियन टँकर जहाज पडून होतं. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून खलाशांनीच ते बुडवलं होतं. पुढे ते वर काढलं. दुरुस्तीच्या नावाखाली इटालियन लोकांनी त्याच्या पोटात डुकरांचा अख्खा गोठा उभारला. पुढचा भाग पाण्याबाहेर उचलला, आतून पत्रा कापून दार केलं, आणि जहाज पुन्हा सपाट केल्यावर दार पाण्याखाली. यंत्रांचे सुटे भाग बॉयलरचं सामान म्हणून आले. डेकवर स्पॅनिश पहारेकरी, खाली वर्कशॉप. ही सगळी कल्पना मुख्यतः विझिन्तिनीची. चित्रपटात क्रॅब आणि नोल्स हे गुपित शोधून काढतात आणि तिथे जाऊन उडवतात. टाळ्या.

प्रत्यक्षात? ब्रिटिशांना इटलीच्या शरणागतीपर्यंत, म्हणजे सप्टेंबर १९४३ पर्यंत, 'ओल्तेरा'चा पत्ताच लागला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मे आणि ऑगस्ट १९४३ मध्ये याच जहाजातून निघालेल्यांनी प्रत्येकी तीन, अशी सहा व्यापारी जहाजं फोडली. मेच्या हल्ल्यानंतर स्पेनच्या किनाऱ्यावर मुद्दाम पोहण्याचं सामान टाकून ठेवलं गेलं, म्हणजे ब्रिटिशांना वाटावं की माणसं किनाऱ्यावरूनच पोहत आली. हा संशय अगदीच हवेतला नव्हता: जुलै १९४२ मध्ये बारा पोहणारे खरोखरच किनाऱ्यावरच्या 'व्हिला कार्मेला' नावाच्या घरातून उतरले होते. अंतोनियो रामोन्यिनो आणि त्याची स्पॅनिश बायको कोंचिता यांनी ते घर घेतलं होतं. शरणागतीनंतर क्रॅबची माणसं 'ओल्तेरा'वर चढली तेव्हा त्यांना ते वर्कशॉप आणि यंत्रांचे सुटे भाग बघायला मिळाले. इतके महिने ज्यांच्यासाठी रात्ररात्र पत्रा चाचपला, ते इतक्या जवळून, त्याच पाण्यापलीकडून येत होते.

निर्मात्यांनी हे बदललं याचा मला राग नाही. सामना अनिर्णित राहिला असं सांगून चित्रपट संपवणं कठीण असतं. पण मला कुणी विचारलं असतं तर मी शेवट तिथेच केला असता, क्रॅब त्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये उभा आहे आणि पाण्याखालचं दार बघतोय.

क्रॅबला जिब्राल्टरच्या कामासाठी जॉर्ज मेडल मिळालं. त्याचा स्वतःचा शेवट मात्र चित्रपटात नाही, आणि १९५८ च्या प्रेक्षकाला तो तोंडपाठ होता. १९ एप्रिल १९५६ ला, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन ज्या 'ओर्झोनिकिद्झे' या क्रूझरमधून इंग्लंडला आले होते, तिच्या आसपास पोर्ट्समथ बंदरात क्रॅब गुप्तपणे उतरला आणि परत आलाच नाही. वय सत्तेचाळीस, दारू-सिगारेटनं पोखरलेलं शरीर, आणि पुन्हा तोच ऑक्सिजन. पंतप्रधान ईडन यांना संसदेत अवघड उत्तरं द्यावी लागली. जून १९५७ मध्ये चिचेस्टरजवळ पाणबुड्याच्या पोशाखातला, डोकं आणि हात नसलेला देह सापडला. तो त्याचाच असं ठरलं. कुणी म्हणतं रशियनांनी मारला, कुणी म्हणतं पळवला. माझा अंदाज विचाराल तर कंटाळवाणा आहे: थकलेला माणूस, ऑक्सिजनचा सेट, थंड पाणी, वर साथीला पुरेशी माणसं नाहीत. आमच्यातले बरेच जण असेच जातात. त्याला रशियन लागत नाही.

आपल्याकडे या विद्येची दुसरी बाजू, म्हणजे हल्ला करणाऱ्यांची, १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धात दिसली. पलाशीजवळ भागीरथीच्या काठी भारतीय नौदलानं मुक्तिवाहिनीच्या तरुणांना लिंपेट माइन, म्हणजे जहाजाच्या तळाला चिकटवायचा सुरुंग, लावायला शिकवलं. या कमांडो मोहिमेची सूत्रं सांभाळणाऱ्यांत कमांडर मोहन नारायण सामंत होते, ज्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा ठिकाणी ही मुलं उतरली, इशारा आकाशवाणीवरच्या ठरलेल्या बंगाली गाण्यांचा. पायात फिन, पोटाला गमछ्यानं बांधलेला सुरुंग, आणि त्याची पाण्यात विरघळणारी खुंटी वेळेआधी भिजू नये म्हणून तिच्यावर चढवलेला निरोध. श्वासाचं यंत्र बहुतेकांकडे नव्हतंच. यावर कुणी नीट चित्रपट केला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जोडीनं १९५१ चा अमेरिकन 'द फ्रॉगमेन'ही बघा, रिचर्ड विडमार्कचा. ते पॅसिफिकमधलं काम: चढाईच्या आधी किनाऱ्याची खोली मोजणं, अडथळे उडवणं. धावत्या बोटीच्या बाजूला बांधलेल्या रबरी होडीतून पोहणाऱ्यांना टपाटप उचलून घेतात, ते दृश्य अस्सल आहे.

मुलाला दाखवायचा का? दाखवा. फक्त त्याआधी एक करा. त्याच्या डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधा, हातात जाड लोकरीचे मोजे घाला, आणि जेवणाच्या टेबलाखाली कुठेतरी चिकटपट्टीनं एक रुपयाचं नाणं लावून ठेवा. दहा मिनिटं द्या. टेबलाखाली बोलायचं नाही, तुम्हीही मध्ये बोलायचं नाही. मग विचारा, "साफ आहे?" नाणं सापडलं नसताना तो हो म्हणाला, तर त्याला चहा करून द्या आणि मगच चित्रपट लावा.